पडद्यावरचं हिरवं टिंब

ऑफिसखालच्या गाड्यावर मिर्था वेइसागा उभ्याउभ्याच साल्तेन्या, म्हणजे रस्सा भरलेली भाजकी करंजी, खात होती. पहिल्याच घासाला रस्सा मनगटावरून कोपराकडे निघाला आणि नेमका तेव्हाच खिशात फोन वाजला. तिने तो दोन बोटांनी कसाबसा बाहेर ओढला. फोन दोन्या एल्बाचा होता.

दोन्या एल्बा, म्हणजे एल्बाबाई, पेशाने वकील. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी ती एक आश्रयघर चालवायची. तिचा आवाज एरवी असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. आज ती कुजबुजत होती.

"मिर्था, तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये वर काहीतरी हिरवं दिसतं म्हणे. टिंब. आपल्याकडची एक बाई आहे, सबिना, ती सांगत होती."

"वर काहीच दिसत नाही, दोन्या एल्बा. मी अख्खी स्क्रीन झाकलीय."

"तू झाकलीस गं. पण तिच्या नवऱ्याला दिसलं ना!"

मिर्थाच्या हातातली साल्तेन्या तशीच राहिली.

हे अ‍ॅप दोन्या एल्बाच्या सांगण्यावरूनच तिने बनवलं होतं. दिसायला ते साधं स्वयंपाकाचं, नाव 'आईचं पातेलं'. उघडलं की शेंगदाण्याच्या सुपाचा मोठा फोटो, खाली कृती. पण त्या फोटोवर बोट थोडा वेळ दाबून धरलं, की फोन गुपचूप आवाज टिपायला लागायचा, आणि तो आवाज आणि बाई कुठे आहे तो पत्ता दोन्या एल्बाकडे आणि बाईने निवडलेल्या माणसांकडे जायचा. समोर मात्र सूपच. मारणाऱ्याला वाटावं, बाई स्वयंपाक बघतेय.

घोळ होता तो वरच्या पट्टीचा. घड्याळ, बॅटरी, रेंज दाखवणारी ती बारीक पट्टी. माइक चालू झाला की तिथे माइकचं चित्र उगवायचं, पत्ता पाठवला की आणखी एक. म्हणून मिर्थाने अ‍ॅप फुल स्क्रीन केलं. वरची पट्टी गेली, खालची बटणं गेली. काही फोनांवर कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी एक काळी चिंधी उरायची, तिच्याशी तर ती आठवडाभर झगडली आणि शेवटी तिथवरही फोटो पसरवला. काठापासून काठापर्यंत नुसतं सूप. तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

"नीट सांगा ना काय झालं ते," ती म्हणाली.

"रविवारी जेवताना त्याचं सुरू झालं. मीठ कमी, नाहीतर जास्त, काहीतरी. तिने फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता. हा ओरडता ओरडता मध्येच गप्प झाला आणि म्हणाला, 'ते हिरवं काय आहे गं?' एवढंच. ती म्हणाली, फोनचंच असेल काहीतरी. तेव्हापासून तिचा फोन त्याच्या खिशात असतो. पोरीला लस टोचायला दवाखान्यात आली होती, तिथल्या नर्सच्या फोनवरून बोलली माझ्याशी. धड दोन मिनिटंसुद्धा नाही. हा बाहेर गाडीत बसलेला."

"मग आता?"

"शनिवारी त्याचा पुतण्या यायचाय किल्याकोल्योहून. मोबाईल दुरुस्त करतो तो. त्याला दाखवणार आहे."

मिर्था जिना चढून वर आली. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक ओस्मार. अ‍ॅपमधली चित्रं, रंग, मजकूर हे सगळं ओस्मार बघायचा. त्याच्याकडे नवा फोन होता. मिर्थाने सगळ्या चाचण्या केल्या होत्या त्या तिच्या जुन्या फोनवर आणि ओळखीच्यांकडून मागून आणलेल्या तितक्याच जुन्या दोन-तीन फोनांवर.

"फोन दे तुझा."

"का? मी काही केलेलं नाही," ओस्मार म्हणाला, पण तिचा चेहरा बघून त्याने निमूट फोन दिला.

तिने अ‍ॅप टाकलं, उघडलं, सुपावर बोट दाबून धरलं. पट्टी नव्हती. बटणं नव्हती. आणि उजव्या कोपऱ्यात, सुपातल्या कोथिंबिरीच्या वर, मोहरीएवढं हिरवं टिंब उगवलं. कोथिंबिरीपेक्षाही हिरवं.

त्या टिंबाकडे बघताना तिला पहिल्यांदाच कळलं, की आपण जे बनवलं ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, मारायला उठलेल्या माणसापासून हाताच्या अंतरावर उभं असतं.

"हे काढता येत नाही," ओस्मार बराच वेळ माहिती वाचून म्हणाला. "फोन स्वतःच दाखवतो ते टिंब. फुल स्क्रीन असो नाहीतर काहीही असो. कुठलंही अ‍ॅप चोरून ऐकत असेल तर माणसाला कळावं म्हणून."

"बरोबरच आहे ते."

"बरोबर?"

"अरे, असलेच नवरे बायकांच्या फोनात ऐकणारं काहीबाही घालून ठेवतात. हे टिंब किती जणींना वाचवत असेल. ते काढायचं कशाला?" ती खुर्चीत बसली. "पण ही बाई मरेल ना याच्यापायी."

खाली औषधवाल्याकडे कुणीतरी खोकल्याचं मागत होतं.

मग मिर्थाच म्हणाली, "टिंब राहू दे. टिंबाला कारण देऊ."

"म्हणजे?"

"अ‍ॅपमध्ये उघडउघड माइकचं बटण ठेवू. हात पिठाचे असले तर बोलून पदार्थ शोधा. मग हिरवं दिसलं तर दिसलं. माइक आहे म्हणून दिसतं."

ओस्मारने डोकं खाजवलं. "आणि त्याने विचारलं, रविवारी बटण कुठे होतं, तर?"

"होतंच, असं सांगायचं. पण या फोनवर फुल स्क्रीन केली की बटण खालच्या काठाच्या बाहेर पडायचं. आत्ता दुरुस्त केलं. नव्या व्हर्जनच्या माहितीत तसंच लिही. विसरू नकोस."

त्या दिवशी ते जेवायला उठलेच नाहीत. बटण बसवलं, ते खरंच चालतं की नाही बघितलं, कारण खोटं बटण धरलं गेलं असतं. संध्याकाळी नवं व्हर्जन अ‍ॅपच्या दुकानात मंजुरीला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी आली. काम झालं असं ओस्मारला वाटलं. मिर्थाला नाही. सबिनाच्या घरी वायफाय नव्हतं. ती छोटी छोटी पॅकेटं मारून नेट वापरायची, तिच्या फोनवर आपोआप काहीच उतरणार नव्हतं. तिला निरोप पाठवायचा म्हणजे त्याच फोनवर, त्याच्याच खिशात. दोन्या एल्बा जाऊ शकत नव्हती. तिचं तोंड टीव्हीवर दिसलेलं. ओस्मारला पाठवावं तर परक्या पुरुषाशी बोलली म्हणून वेगळाच मार.

"मी जाते," मिर्था म्हणाली आणि म्हणताक्षणीच तिला ते शब्द परत गिळावेसे वाटले.

सबिना ला कांचा बाजारात शेंगदाणे आणि सुकी मिरची विकायची. जुन्या रेल्वे स्टेशनच्या मागची रांग, निळं कापड, शेजारी पातेली विकणारी म्हातारी. दोन्या एल्बाने खूण सांगितली होती. दुपारच्या आधी नवरा टॅक्सी घेऊन बाहेर असतो, तेव्हा जा, असंही सांगितलं होतं. मिर्था त्रुफीतून, म्हणजे शेअर टॅक्सीतून, उतरली आणि गर्दीत शिरली. ढकलगाड्या, ओरडा, सोललेल्या अननसांचा वास. एरवी या बाजारात ती तासन्‌तास रमायची. आज समोरून येणारा प्रत्येक माणूस आपल्याचकडे बघतोय असं तिला वाटत होतं.

निळं कापड दिसलं. पोत्यांमागे रुंद घेराच्या स्कर्टमधली, दोन वेण्यांची एक बारीकशी बाई उभी होती. पायाशी शाळेच्या पांढऱ्या झग्यातली पोर चित्र रंगवत बसलेली. आणि शेजारी उलट्या क्रेटवर एक माणूस संत्रं सोलत होता.

मिर्थाने मनात कुणी राक्षस रंगवून ठेवला होता. हा तर कुणाचाही मामा शोभावा असा. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. खिशातल्या चाकूने तो संत्र्याची साल एका अखंड फितीत उतरवत होता, सावकाश, ती तुटू न देता. बाईचा फोन त्याच्या मांडीवर पडला होता.

मागे फिरावं, असं तिला वाटलं. पण सबिनाने तिला बघितलं होतं.

"काय देऊ, कासेरिता? सुपाचे देऊ की भाजके?" नेहमीच्या गिऱ्हाइकाला मारावी तशी हाक मारून तिने विचारलं.

"सुपाचे," मिर्था म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "अर्धा किलो. पैसे क्यूआरने चालतील?"

"चालतील की. रेम्बेर्तो, कोड दाखव त्यांना."

माणसाने सबिनाचा फोन उचलला, कोड उघडून पुढे धरला. मिर्थाने आपल्या फोनने पैसे भरले. तो स्क्रीनकडे बघत बसला. पैसे आल्याचं काही दिसेना.

"आले नाहीत."

"रेंज नसेल. थोडं थांबा, हा प्रकार होतो. बँकेचं अ‍ॅप बंद करून परत उघडा, येतील."

त्याने तसं केलं. पैसे आले. त्याने मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"बरंच कळतं तुम्हाला मोबाईलमधलं."

"तेच काम करते," मिर्था म्हणून गेली. हे कशाला बोललो आपण!

"देवानेच धाडलं बघा." तो हसला. दात छान होते. "मग मला एक सांगा सेन्योरिता. आमच्या बाईसाहेबांना स्वयंपाकाचा फार नाद लागलाय. हे असं काहीतरी घेतलंय त्यांनी." त्याने 'आईचं पातेलं' उघडलं. अख्ख्या स्क्रीनभर सूप पसरलं. "रविवारी यात वर हिरवं टिंब होतं. आज नाही. पुतण्या फोनवर म्हणाला, टिंब म्हणजे कुणीतरी ऐकतंय. कोण ऐकतंय माझ्या घरात?"

शेंगदाणे मापात ओतणारा सबिनाचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. तिने मान वर केली नाही.

मिर्थाला घरी ठरवून ठेवलेलं सगळं आठवत होतं. चाकू त्याच्या दुसऱ्या हातात तसाच होता. धमकीसाठी नव्हे, संत्र्यासाठी, पण होता.

"ऐकतंच ते," ती म्हणाली. खरंच बोलून टाकलं तिने. "माइक आहे त्यात. हात भरलेले असले की पदार्थाचं नाव बोलायचं, तो उघडतो."

"कुठाय माइक? मला तर नुसतं सूप दिसतंय."

"या फोनची स्क्रीन लांबट आहे. अ‍ॅप अख्ख्या स्क्रीनवर पसरलं की बटण खालच्या काठाबाहेर जातं. दिसत नाही, पण हात लागला तर चालू होतं. माझ्या आईच्या फोनवर हेच झालं होतं. नव्या व्हर्जनमध्ये नीट केलंय त्यांनी."

"तुम्हाला काय माहीत, नीट केलंय म्हणून?"

बाजाराचा गलका एकदम लांब गेल्यासारखा झाला. पातेलीवाली म्हातारी कुणाला तरी झाकणाचा भाव सांगत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

"लिहिलेलं असतं," मिर्था म्हणाली. "अपडेट करायला गेलं की काय बदललं ते लिहिलेलं असतं. बघा तुम्हीच."

ओस्मारने लिहिलं असेल का? तो विसरभोळा. मागच्या वेळी तर त्याने 'किरकोळ सुधारणा' एवढं लिहून सोडून दिलं होतं. आपण का नाही बघितलं निघताना? रेम्बेर्तोने अंगठ्याने अ‍ॅपचं दुकान उघडलं. गोल फिरत राहिला. पॅकेटमधलं नेट संपलं होतं.

"माझं नेट देते," असं म्हणून तिने आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. त्याच्या हातातल्या फोनवर, मिळणाऱ्या नेटच्या यादीत, तिचं नाव उमटलं. ते तिला आठवलंच नव्हतं.

"मिर्था वेइसागा," त्याने मोठ्याने वाचलं. "छान नाव आहे."

तिने हॉटस्पॉटचा पासवर्ड सांगितला.

तो वाचू लागला, ओठ हलवत, शब्द शब्द लावत. "काही... फोनवर... आवाजाने शोधण्याचं बटण... पडद्याबाहेर जात होतं. ते दुरुस्त केलं आहे." त्याने मान डोलावली. "हं."

मिर्थाने मनातल्या मनात ओस्मारच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिला. रेम्बेर्तोने अपडेट दाबलं. रेघ सरकायला लागली, थांबली, पुन्हा सरकली. तेवढ्या वेळात त्याने संत्र्याची एक फोड पोरीच्या तोंडात घातली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. पोर खाली मान घालून चावत राहिली.

अ‍ॅप पुन्हा उघडलं. सूप, आणि खाली गोल बटणात माइक. त्याने तो दाबून ऐटीत हुकूम सोडला, "सिल्पांचो!" वर हिरवं टिंब लागलं आणि भातावर पसरलेल्या मांसाच्या पातळ चकतीचं चित्र उघडलं. तो खो खो हसला.

"ऐकतो की लेकाचा! बायकोपेक्षा बरा. सबिना, बघ, एका हाकेत ऐकतो."

सबिना हसली. तसं हसणं मिर्थाने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. फक्त ओठ हलले.

संपलं, असं मिर्थाला वाटलं. पण त्याने परत सुपाचं चित्र आणलं आणि फोन तिच्यापुढे धरून काहीतरी विचारायला लागला. हे सूप बाईला कसं जमत नाही, तुमची आई कसं करते, असं काहीतरी. तिला शब्द ऐकूच येत नव्हते. त्याचा जाडजूड अंगठा फोटोवर टेकला होता. सुपावर. टेकलेलाच होता, उचलला जात नव्हता. अजून क्षणभर, आणि फोन बारीक थरथरून माइक आपोआप चालू झाला असता, त्याच्याच हातात. त्याच्याच पुढ्यात, बटण न दाबता, हिरवं टिंब.

धाडकन आवाज झाला. शेंगदाण्यांचं अख्खं पोतं आडवं पडलं होतं आणि दाणे रस्ताभर, ढकलगाड्यांच्या चाकांखाली धावत होते. सबिना पोत्याशेजारी हात लोंबकळत ठेवून उभी होती.

रेम्बेर्तो उडी मारून उठला. फोन क्रेटवर पडला. "डोळे फुटले का गं तुझे?" त्याचा हात वर गेला. पातेलीवाली म्हातारी बघत होती, गिऱ्हाइकं बघत होती. हात तसाच हवेत राहिला, मग सावकाश खाली येऊन तिच्या दंडावर बसला. बोटं रुतताना मिर्थाला दिसली. "घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

मिर्था खाली बसून दाणे गोळा करायला लागली. सबिनाही बसली. दोघींची डोकी एकमेकींजवळ आली.

"अंगठा," सबिना पुटपुटली. "बघितला मी."

"आता उघडलंत तरी चालेल. टिंब दिसलं तर माइकचं आहे म्हणा."

"कळलं मला. जा आता."

रस्त्याच्या वळणावर गेल्यावर मिर्थाने एका भिंतीला हात टेकला आणि ती ओकली. शेंगदाण्यांची पिशवी तिने घरी नेली नाही. वाटेत कुणालातरी देऊन टाकली.

शनिवार आला आणि गेला. पुतण्याने फोन बघितला की नाही, कळायला मार्ग नव्हता. आश्रयघराच्या यंत्रणेत मिर्थाला बायकांची नावं किंवा पत्ते दिसत नसत, दिसूही नयेत अशीच तिने ती बनवली होती. तिला संगणकावर दिसायची एक साधी पाटी: आत्ता कुठेतरी आवाज टिपणं चालू आहे का. चालू असेल तर एक दिवा. पूर्वी ती दिवसातून एकदा ती पाटी बघायची. आता तिने ती टेबलाच्या कोपऱ्यात कायमची उघडून ठेवली. ओस्मार म्हणायचा, "बंद कर ते, डोळे जातील." ती ऐकायची नाही.

रस्त्यावर टॅक्सी हळू झाली की ती दुकानात शिरायची. हॉटस्पॉटवरचं नाव तिने त्याच दिवशी बदललं होतं, पण जे वाचलं गेलं ते थोडंच पुसलं जातं! कोचाबांबात वेइसागा पुष्कळ, मिर्थाही असतील. पण मोबाईलचं काम करणारी मिर्था वेइसागा शोधायला कितीसा वेळ लागणार? आईकडे जाताना ती दोन वेगवेगळ्या त्रुफी बदलायची. आई म्हणाली, "कुणाचं देणं झालंय का गं?" ती म्हणाली, "नाही गं, कामाचा ताण."

मग एका दुपारी, सगळं गाव जेवून जरा आडवं झालेलं असताना, दिवा लागला.

कुणाचा, ते कळणार नव्हतं. आश्रयघराने बऱ्याच बायकांना अ‍ॅप दिलं होतं. मिर्थाने टेबलाची कड धरली. दिवा लागलेलाच राहिला. ओस्मार काहीतरी विचारत आला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला. बाहेर आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत गेली. दिवा लागलेलाच.

"पोचतील," ओस्मार म्हणाला. "दोन्या एल्बाला कळलं असेल एव्हाना."

"त्या बाईने फोन आतल्या खोलीत ठेवला असेल तर? नवऱ्याने तो घेऊन टाकला असेल तर?"

"मिर्था, श्वास घे."

दिवा विझला.

विझणं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं. एक तर बाईने स्वतः बंद केलं, नाहीतर फोन फुटला. मिर्था फोनकडे बघत बसली. दोन्या एल्बाला आपण करावा का? नको, तिची लाइन मोकळी हवी. ती उठली, बसली, पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली.

फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी उचलला.

"सबिना आली," दोन्या एल्बा म्हणाली, तिच्या नेहमीच्या भोंगा आवाजात. "मायलेकी दोघी आल्यात. ओठ फाटलाय, हात मोडलाय, पण चालत आली. शेजारीण आणि पोलीस दोघेही दारात पोचले तेव्हा त्याने फोन भिंतीवर मारला होता. पण तोवर सगळं आलं होतं आमच्याकडे. सगळं, मिर्था. तो काय काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द."

मिर्थाने फोन ओस्मारकडे दिला आणि टेबलावर डोकं ठेवून रडली.

चार दिवसांनी ती आश्रयघरात गेली. स्वयंपाकघरात सबिना प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून एका हाताने बटाटे सोलायचा खटाटोप करत होती. दुसऱ्या बायका हसत होत्या आणि तीही. मिर्थाला बघून तिने सुरी खाली ठेवली.

"बाई गं, त्या दिवशी तुम्ही बाजारात एवढ्या थरथरत होता ना," ती म्हणाली, "मला त्याची नाही, तुमचीच भीती वाटली. म्हटलं, ही बया आता पडणार आणि मलाही घेऊन पडणार."

"मी पडणारच होते."

"कळत होतं. म्हणून तर पोतं पाडलं." मग तिचा चेहरा बदलला. "त्या पोत्याचा हिशेब घरी गेल्यावर झाला. पण फोन माझ्या हातात परत आला. पुतण्याने सांगितलं, काका, माइकचं आहे ते, काही नाही."

मिर्थाने बटाटा आणि सुरी घेतली आणि सोलायला बसली.

तेवढ्यावर भागलं नाही. रेम्बेर्तोचा वकील कोर्टात म्हणाला, तो आवाज बनावट आहे, अशा अ‍ॅपवाल्या काहीही जोडतात. दोन्या एल्बाने मिर्थाला बोलावलं. "ते अ‍ॅप कुणी बनवलं, आवाज कसा येतो, मध्ये कुणी हात लावू शकतो का, हे तुला सांगावं लागेल. त्याच्यासमोर. नाही म्हणालीस तर मी समजेन, मिर्था. खरंच समजेन."

मिर्था रात्रभर... नाही, रात्री ती झोपली, गोळी घेऊन. सकाळी उठून तिने कपाटातला एकुलता एक कोट घातला आणि ओस्मारला सोबत घेतलं.

कोर्टाची खोली लहान होती. तो पुढच्या बाकावर, तसाच इस्त्रीच्या शर्टात. ती आत आली तेव्हा त्याने मान वळवली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. बाजार, शेंगदाणे, हॉटस्पॉट, सिल्पांचो, एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर येताना तिला दिसली. त्याचे डोळे बारीक झाले आणि ओठ हलले. तो काही बोलला नाही. तिचं नाव फक्त ओठांनी म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "तुम्ही ठीक आहात का? पाणी हवंय?"

"नको," मिर्था म्हणाली. मग म्हणाली, "हो, द्या."

ती बोलली. हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. आवाज दोनदा फाटला. फोनमधून आवाज कसा निघतो, निघताच त्याला कसं कुलूप लागतं, आपल्याला स्वतःलाही तो का ऐकता येत नाही, हे तिने सांगितलं. त्याच्या वकिलाने विचारलं, "मग हे सगळं लपवलेलं का होतं?" ती म्हणाली, "कारण दिसलं असतं तर त्या आज इथे नसत्या." आणि तिने सबिनाकडे बोट दाखवलं.

रेम्बेर्तोला सोडलं नाही. खटला चालेपर्यंत तो आतच राहणार असं ठरलं. तो खटला किती वर्षं चालेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

सबिना आणि तिची पोर तारिहाला बहिणीकडे गेल्या. बस सुटेपर्यंत मिर्था फलाटावर होती. प्रत्येक बाप्याच्या चेहऱ्याकडे ती बघत होती, रेम्बेर्तो आत आहे हे माहीत असूनही. पोर खिडकीतून हात हलवत होती. सबिना नाही, ती समोर बघत होती.

बस वळणाआड गेल्यावर मिर्थाने आईला फोन लावला आणि आज जेवायला येते म्हणून सांगितलं. मग टर्मिनसच्या बाहेर येऊन ती त्रुफीच्या रांगेत उभी राहिली. आईच्या घराकडे थेट जाणारी त्रुफी समोर आली. ती बघत राहिली. मागच्या बाईने ढोसलं, "चढताय का, की झोपलात?"

"चढते," मिर्था म्हणाली आणि आत बसली. बसता बसता तिने मागे वळून बघितलंच.